फायबरचे ग्लायडर: फीनिक्स (१९५७) ते मार्फा (१९७०)

वारा प्यालेला

मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी ठासून लिहिलं होतं की बोइंग ७८७ हे जगातलं पहिलं 'प्लास्टिकचं' (म्हणजे फायबर आणि रेझिनचं) विमान. तिथे वाद घातला नाही, विषय वेगळा होता. पण ७८७ डिसेंबर २००९ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्याच्या बावन्न वर्षं आधी, २७ नोव्हेंबर १९५७ ला, जर्मनीत फायबरग्लासचं एक अख्खं ग्लायडर उडून सुखरूप उतरलं होतं. नाव एफएस-२४ फीनिक्स. पंखांचा विस्तार १६ मीटर. कर्तेधर्ते होते श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठातल्या 'आकाफ्लीग' या विद्यार्थी गटातले हेर्मान नेगेले आणि रिचर्ड एपलर.

आकाफ्लीग म्हणजे जर्मन तांत्रिक विद्यापीठांमधले उड्डाण गट. डार्मश्टाट, म्युनिक, ब्राउनश्वाइग, श्टुटगार्ट असे बरेच. इथली मुलं ग्लायडर उडवतात, पण त्याआधी ते स्वतः आखतात आणि स्वतःच्या हातांनी बांधतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली तेव्हा ही मंडळी वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची यंत्रं घेऊन गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर दोस्त राष्ट्रांनी ग्लायडिंगसुद्धा बंद करून टाकलं. ती बंदी १९५१ मध्ये उठली. फीनिक्सचं आखणीकाम साधारण त्याच सुमाराचं आहे.

आता मुख्य मुद्दा. फायबर हलकं आणि मजबूत असतं म्हणून त्याचं ग्लायडर केलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. चांगलं स्प्रूस लाकूड वजनाच्या मानाने मजबुतीत कमी नाही, आणि काचेचं लॅमिनेट (रेझिनने चिकटवलेले काचेच्या कापडाचे थर) ताठपणात तर मारच खातं. फायबर आलं ते आकारासाठी. एपलर गणिती माणूस. त्याने पंखाचा छेद (पंख आडवा कापला तर दिसणारा आकार) असा काढला होता की हवेचा पृष्ठभागालगतचा थर जास्तीत जास्त अंतर शांत, न ढवळता वाहावा. यालाच लॅमिनार प्रवाह म्हणतात. पण हा थर नाजूक. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी लाट पृष्ठभागावर असली तरी तो बिघडतो. लाकडी पंखात रिबांवर, म्हणजे आतल्या फासळ्यांवर, प्लायवूड ताणलेलं असतं. दमट हवेत ते फुगतं, उन्हात आकसतं, आणि काही वर्षांत दोन रिबांमधला भाग किंचित आत बसतो. कागदावरचा छेद आणि हँगरमधला छेद यांची गाठ पडत नाही.

याचा पुरावा अमेरिकेत आधीच मिळाला होता. डिक जॉन्सनचं आरजे-५ हे लाकडी ग्लायडर. मिसिसिपीतले डॉ. ऑगस्ट रास्पेट यांच्यासोबत त्याने त्याच्या पृष्ठभागावर लांबी (पुट्टी) भर, घास, मोज, परत भर, असं अक्षरशः कारखान्यातल्या रंगाऱ्यासारखं काम केलं. मग ५ ऑगस्ट १९५१ ला टेक्सासमधल्या ओडेसाहून उडून कॅन्ससमधल्या सलायनाला उतरला. ८६१ किलोमीटर, तेव्हाचा जागतिक विक्रम. म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत केला की काय होतं हे सगळ्यांना दिसलं. प्रश्न एवढाच उरला की तो गुळगुळीतपणा टिकवायचा कसा, आणि दुसऱ्या ग्लायडरवर तसाच्या तसा उतरवायचा कसा.

फीनिक्सचं उत्तर होतं साचा. साच्यात काचेचं कापड, मध्ये बाल्सा लाकडाचा हलका थर, परत काचेचं कापड. बाहेर येतं ते साच्याच्या आतल्या बाजूसारखं. रिबांची गर्दी संपली, कारण कवच स्वतःच आकार धरून ठेवतं. ग्लाइड रेशो चाळिसाच्या आसपास गेला. तुलनेसाठी, त्या काळचं लाडकं लाकडी ग्लायडर का-६ तिशीच्या आसपास होतं. हडपसरवर एक किलोमीटर उंचीवर सुटलात आणि हवेत उठाव अजिबात नाही असं धरलं, तर का-६ तुम्हाला तीसेक किलोमीटर नेईल, फीनिक्स चाळीस.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, एका दमात सगळं नको.

टवाळ कार्टं

काचेचं विमान? लँडिंगला खळ्ळकन आवाज येत असेल ना राव 😀

रेझिनवाली

@टवाळ, खिडकीच्या काचेचा विचार सोड. काचेचा केसासारखा धागा काढला की तो वाकतो आणि ओढायला भयंकर दणकट असतो. त्याचं कापड विणतात, रेझिनमध्ये हार्डनर घालून ते कापडात मुरवतात, आणि सुकलं की झालं. तुझ्या गच्चीवरची पाण्याची टाकी, चौकातली गणपतीची कमान, कोकणातल्या नव्या होड्या, सगळं त्याच कुळातलं.

मी एफआरपीच्या, म्हणजे याच फायबर-रेझिनच्या वस्तूंच्या, धंद्यात आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांगते. साच्यातून माल काढला की लोकांना वाटतं गुळगुळीत आपोआप येतं. तसं काही नाही. आधी प्लग करावा लागतो, म्हणजे खऱ्या आकाराचा नमुना. तो घासून घासून तयार करायचा, त्यावरून साचा ओतायचा, साचा पॉलिश करायचा, मेण लावायचं. जॉन्सनने जी घासाघीस प्रत्येक पंखावर केली ती इथे एकदा साच्यावर करायची. दहा नग काढा नाहीतर शंभर, मेहनत साच्यातच गेलेली असते. धंद्याच्या दृष्टीने खरी कमाई ही.

दुसरं, हाताने लेअप करताना, म्हणजे साच्यात कापडाचे थर रचताना, रेझिन जास्त झालं तर वजन वाढतं, कमी झालं तर कापड कोरडं राहतं आणि थर सुटतात. बुडबुडे रोलरने काढायचे. टाकीत एखादा बुडबुडा राहिला तर कोणी मरत नाही. पंखाच्या स्पारमध्ये, म्हणजे भार पेलणाऱ्या मुख्य तुळईत, राहिला तर? त्या पोरांनी १९५७ मध्ये हे कोणाला विचारून केलं असेल कोण जाणे. हात जोडले.

गणिती मामा

एपलरबद्दल थोडी भर. त्याच्या आधीची रीत अशी की छेद काढायचा, वाऱ्याच्या बोगद्यात ठेवायचा आणि काय होतं ते बघायचं. एपलर उलटा निघाला. पृष्ठभागावर हवेचा वेग कुठे किती असावा हे आधी ठरवायचं आणि त्यावरून आकार काय येतो ते गणिताने काढायचं. तेही पन्नासच्या दशकात, जेव्हा संगणक ही सहज हाताशी असणारी वस्तू नव्हती. पुढे याच पद्धतीचा संगणक प्रोग्रॅम त्याने डॅन सॉमर्ससोबत केला आणि नासाने तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. मॉडेल विमानं बनवणारे आजही एपलरचे छेद वापरतात.

श्टुटगार्टचाच दुसरा मोठा माणूस एफ. एक्स. वोर्टमान. त्याचे एफएक्स मालिकेतले छेद पुढच्या सगळ्या पिढीने वापरले. नाव वाचायची खुबी सांगतो. एफएक्स ६२-के-१३१ यात ६२ म्हणजे १९६२ साल, के म्हणजे फ्लॅपवाला (पंखाच्या मागच्या कडेला हलणारी पट्टी असलेला), १३१ म्हणजे जाडी रुंदीच्या १३.१ टक्के. नावातच पत्रिका लिहिलेली.

वारा प्यालेला यांचं 'आकारासाठी फायबर' हे म्हणणं बरोबर वाटतं. नाहीतर १९४४ मध्येच अमेरिकेत राइट फील्डला एका व्हल्टी प्रशिक्षण विमानाचा मागचा सांगाडा फायबरग्लासचा करून उडवून झाला होता, आणि १९५३ मध्ये कॉर्व्हेट मोटार फायबरच्या बॉडीची आली. पदार्थ हाताशी होताच. त्याच्यावाचून अडलेलं असं कोणाचं नव्हतं. लॅमिनार छेदवाल्यांचं अडलं होतं.

मुक्काम हडपसर

हडपसरचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या ग्लायडिंग सेंटरवर जुन्या लोकांच्या तोंडी रोहिणी असायची. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात ते लाकडी ग्लायडर, नागरी उड्डाण खात्याच्या तांत्रिक केंद्राने आखलेलं, पहिलं उड्डाण १९६१. म्हणजे तिकडे फीनिक्स उडून चार वर्षं झाली होती आणि आपण लाकडात होतो. पण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. शिकाऊ पोरांना विंचवर (ग्लायडर दोराने ओढून हवेत चढवणारं यंत्र) चढवायचं तर दुरुस्तीला सुतार मिळाला पाहिजे, रेझिनवाला नव्हे.

आणि आपल्या ग्लायडरांची नावं बघा: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. पंचांग उघडून बसले होते बहुतेक. आर्द्रा १९७९ ची, तीही लाकडीच.

वारा प्यालेला

@मुक्काम हडपसर, पंचांगाचा तपशील आवडला. पुनर्वसू आलंच नाही मग!

पुढचा भाग. फीनिक्सची एकंदर आठच ग्लायडर झाली. त्यामुळे हे प्रकरण विद्यार्थ्यांचा यशस्वी उद्योग म्हणून संपलंही असतं. ते कारखान्यात नेलं दोन-तीन वेगळ्या लोकांनी.

एक, ऑयगेन हेन्ले आणि त्याची पत्नी उर्सुला. श्वेबियन आल्ब डोंगररांगेतल्या श्लाटश्टाल गावात ग्लासफ्ल्यूगेल ही त्यांची कंपनी. वोल्फगांग ह्युटर या जुन्या आखणीकाराच्या लाकडी एच-३० वरून त्यांनी काचेचं ग्लायडर बांधलं, ते १९६२ मध्ये उडालं. आणि ६ मार्च १९६४ ला एच-३०१ लिबेले उडालं. हे अमेरिकेत टाइप सर्टिफिकेट (त्या आखणीला विमान खात्याची मान्यता) मिळालेलं पहिलं फायबरग्लासचं विमान. विमान खात्याचा माणूस धातूचा आणि लाकडाचा अभ्यास केलेला असतो. त्याच्यापुढे काचेचे पंख ठेवून 'हे टिकेल' हे पटवायचं, म्हणजे आखणीइतकंच मोठं काम.

दोन, डार्मश्टाटच्या आकाफ्लीगचं डी-३६. गेरहार्ड वायबेल, वोल्फ लेम्के, क्लाउस होलिगहाउस, हायको फ्रीस. सगळे विद्यार्थी. वोर्टमानचा फ्लॅपवाला छेद, ग्लाइड रेशो चव्वेचाळिसाच्या आसपास. पहिलं उड्डाण मार्च १९६४.

तीन, फीनिक्सची मूळ मंडळी ब्योल्को कंपनीत गेली आणि तिथे फीबस केलं. पहिलं उड्डाण ४ एप्रिल १९६४. २५३ बांधली गेली.

म्हणजे साधारण महिन्याभरात तीन फायबर ग्लायडरं. सात वर्षं एकट्या फीनिक्सनंतर फारसं काही घडत नाही, आणि मग एकदम पाऊस.

या दरम्यान एक वाईट घटना आहे. ब्राउनश्वाइगच्या ब्योर्न श्टेंडरने बीएस-१ हे १८ मीटरचं अप्रतिम ग्लायडर आखलं होतं. १९६३ मध्ये त्याच ग्लायडरच्या अपघातात तो गेला. आखणी पुढे ग्लासफ्ल्यूगेलने घेतली. हेन्लेसुद्धा १९७५ मध्ये विमान अपघातातच गेले. उर्सुला हेन्ले यांनी स्वतंत्र कंपनी काढून सॉल्टो हे कसरतींचं ग्लायडर केलं होतं. या बाईंबद्दल इतकं कमी का लिहितात हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

लाकूडतोड्या

सगळे फायबरच्या आरत्या ओवाळताय, म्हणून जरा थंड पाणी ओततो. १९६५ ची जागतिक स्पर्धा, इंग्लंडमधलं साउथ सर्नी. ओपन क्लास, म्हणजे पंख हवे तेवढे लांब ठेवा. तुमचं ते डी-३६ होतं, रोल्फ श्पेनिग उडवत होता. जिंकलं कोण? पोलंडचा यान व्रुब्लेव्स्की. कशात? फोका-४, १५ मीटरचं लाकडी ग्लायडर. डी-३६ दुसरं आलं.

१५ मीटरच्या लाकडाने लांब पंखांच्या काचेला हरवलं. आता बोला.

वारा प्यालेला

@लाकूडतोड्या, हा मुद्दा येणारच होता आणि तुम्हीच आणणार हेही माहीत होतं 🙂

निकाल खरा आहे. पण फोकात काय होतं बघा. तेही लॅमिनार छेदाचंच. पोलिश लोकांनी जाड कवच देऊन लाकडातच पृष्ठभाग ताठ ठेवला होता, त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणजे हरलं ते फायबर, पण जिंकला तोच विचार. शिवाय स्पर्धा वैमानिक जिंकतो. ग्लाइड रेशो चांगला असला की चूक पचते, इतकंच.

पुढचे निकालही लिहा की. १९६८, लेश्नो: ओपन क्लास ऑस्ट्रियाच्या हारो व्योडलने शेम्प-हिर्त कंपनीच्या सिरसवर जिंकला, फायबर. १९७०, टेक्सासमधलं मार्फा: ओपनमध्ये जॉर्ज मोफॅट निंबसवर, स्टँडर्डमध्ये (१५ मीटर पंखांच्या गटात) हेल्मुट राइशमान एलएस-१ वर. दोन्ही फायबर. त्यानंतर लाकूड स्पर्धेत परत आलं नाही.

लाकूडतोड्या

हे मान्य. पण 'तोच विचार जिंकला' ही पळवाट आहे, नोंद घ्यावी. उत्तम सुतार असेल तर लाकूड तेच काम करतं. फायबरने सुतार अनावश्यक केला, हवा नाही.

रेझिनवाली

सुतार अनावश्यक नाही झाला हो, तो प्लग करायला गेला. आमच्याकडे आजही सगळ्यात जास्त पगार पॅटर्नवाल्या मिस्त्रींना आहे.

चिंटू इंजिनियर

फार छान धागा. एक शंका. ग्लायडरं सगळी पांढरीच का असतात? आणि वर कोणीतरी ताठपणा कमी म्हणालं, मग पंख वाकतात ते चालतं का?

रेझिनवाली

पांढरा रंग रेझिनमुळे. साध्या तापमानाला सेट होणारं इपॉक्सी तापलं की मऊ पडायला लागतं. या ग्लायडरांची मजबुती साधारण ५४ अंश सेल्सिअसपर्यंत तपासलेली असते. काळा पंख मे महिन्यात उन्हात ठेवलात तर तो आकडा कधीच ओलांडेल. म्हणून पांढरा जेलकोट, म्हणजे रेझिनचा वरचा रंगीत थर. लाल पट्टे वगैरे टोकाला, नाकाला, थोडेच. आणि हा जेलकोटच जुन्या ग्लायडरांची डोकेदुखी आहे. ऊन आणि उंचावरची थंडी यांनी त्याला बारीक चिरा पडतात, मग तो सगळा घासून नव्याने चढवायचा. ते काम ज्याने केलंय त्याला विचारा, खांदे भरून येतात.

गणिती मामा

वाकण्याबद्दल. काचेचा तंतू ताणला तर खूप ताण सोसतो, पण सोसताना लांबतोही बराच. म्हणून जुन्या काचेच्या ग्लायडरांचे पंख उड्डाणात चांगलेच वर उचललेले दिसतात. ते तुटायला आलेले नसतात. अडचण वेगळीच होते. पंख लांब आणि सडपातळ केले की वेगात ते फडफडू शकतात, ज्याला फ्लटर म्हणतात. तिथे ताकद असून भागत नाही, ताठपणाच लागतो. म्हणून फक्त काचेवर पंख किती लांब न्यायचे याला मर्यादा आली. होलिगहाउसचं १९६९ चं पहिलं निंबस २२ मीटरचं होतं, ग्लाइड रेशो पन्नाशीच्या घरात. त्या काळात ती जवळजवळ हद्द होती.

सातारी कंदी

अवांतर आहे, चालवून घ्या. आमच्या सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांची पाती फायबरची. हे पात्यांचं तंत्रही याच लोकांकडून आलं का?

वारा प्यालेला

@सातारी कंदी, अजिबात अवांतर नाही! वर ज्या वोल्फगांग ह्युटरचं नाव आलं त्याचा भाऊ उलरिख ह्युटर. दोघांनी मिळून तीसच्या दशकात ग्लायडर आखलं होतं. उलरिख पुढे पवनऊर्जेकडे वळला आणि १९५७ मध्ये, फीनिक्सच्याच वर्षी, त्याची १०० किलोवॉटची, ३४ मीटर व्यासाची पवनचक्की श्वेबियन आल्बमध्ये उभी राहिली. तिची पाती फायबरग्लासची. पात्याच्या मुळाशी काचेचे तंतू बोल्टभोवती वळसा घालून परत नेण्याची त्याची पद्धत पवनचक्कीवाल्यांना चांगली ठाऊक आहे. एका घरात ग्लायडर आणि पवनचक्की. विचार केला तर दोन्ही लांब, सडपातळ पंखच.

सातारी कंदी

वा! आता येताजाता त्या पात्यांकडे बघताना हे आठवणार.

टवाळ कार्टं

डी-३६ वाल्या पोरांचं पुढे काय झालं? नापास झाले का? (वर्षभर हँगरमध्ये असतील तर)

वारा प्यालेला

नापास कसले. या धाग्यातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे. चौघांपैकी तिघे तीन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले आणि पुढची काही दशकं एकमेकांशी स्पर्धा करत बसले.

वायबेल गेला वासरकुप्पेच्या पायथ्याशी असलेल्या श्लायशर कंपनीकडे. तिथे डी-३६ वरून एएसडब्ल्यू-१२ केलं. त्याला नेहमीचे एअरब्रेकच नव्हते, उतरताना शेपटीतलं पॅराशूट उघडायचं. ते उघडलं नाही तर शेत संपायचं पण ग्लायडर उतरायचं नाही. पण याच एएसडब्ल्यू-१२ मधून हान्स-वेर्नर ग्रोसे २५ एप्रिल १९७२ ला ल्युबेकहून निघून फ्रान्सच्या बियारित्झला उतरला. जर्मनीच्या उत्तर टोकापासून स्पेनच्या वेशीपर्यंत, १४६०.८ किलोमीटर, इंजिनाशिवाय. मुंबई-दिल्ली हवाई अंतर यापेक्षा कमी आहे.

होलिगहाउस गेला शेम्प-हिर्तमध्ये. सिरस, स्टँडर्ड सिरस, निंबस, सगळी त्याची. पुढे कंपनीही त्याचीच झाली. १९९४ मध्ये आल्प्समध्ये ग्लायडर उडवतानाच गेला.

लेम्केची गोष्ट सगळ्यात मजेशीर. त्याने वाल्टर श्नायडरशी हातमिळवणी केली. श्नायडर घराण्याचा धंदा खिडक्यांच्या रोलिंग शटरचा. त्यामुळे कंपनीचं नाव रोलाडेन-श्नायडर, रोलाडेन म्हणजे शटर. मार्फाला जिंकलेलं एलएस-१ याच शटरवाल्यांचं.

मुक्काम हडपसर

शटरवाले! आता आमच्या हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या शटरवाल्यांकडे नव्या नजरेने बघायला हवं.

एक विचारायचं होतं. हे फायबर किती वर्षं टिकतं? धातूच्या ब्लानिक एल-१३ चं २०१० मध्ये ऑस्ट्रियात पंख तुटून अपघात झाला आणि जगभरातली एल-१३ जमिनीवर बसवली गेली. धातू थकतो. काच थकते का?

गणिती मामा

सुरुवातीला कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आखणी करताना लॅमिनेटवर मुद्दाम कमी ताण ठेवला. नंतर प्रयोगशाळेत पंख लाखो वेळा वाकवून पाहिले गेले, आणि ठरावीक तासांनंतर कसून तपासणी करून आयुष्य वाढवायची पद्धत बसली. आधी ३००० तास, मग ६०००, मग आणखी. धातूसारखा थकवा या पंखांना फारसा जाणवत नाही, त्या सावध आखणीचा हा फायदा. १९६७ पासून बनलेल्या स्टँडर्ड लिबेलेची ६०१ ग्लायडरं निघाली, त्यातली कित्येक आजही क्लबांमध्ये उडतात.

चिंटू इंजिनियर

मग कार्बन फायबर कधी आलं? पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

वारा प्यालेला

१९७२. परत विद्यार्थीच, ब्राउनश्वाइगचं आकाफ्लीग. एसबी-१०, पंखविस्तार २९ मीटर, काचेने जिथे हात टेकले होते तिथे मधल्या भागात कार्बन घातलं. आणि श्टुटगार्टवाल्यांनी १९७५ मध्ये उडत असताना पंखांची लांबी कमी-जास्त होईल असं एफएस-२९ केलं, एकात एक सरकणारे पंख. पण तो वेगळा धागा होईल, त्यात लाकूडतोड्यांना आधीच आमंत्रण.

लाकूडतोड्या

येतो. तोवर मृगशीर आणि कार्तिकच्या आखणीचे तपशील कोणाकडे असतील तर इथेच टाका. आपल्या सुतारांवर एक तरी धागा पाहिजे.